मदत हवी आहे : बटवड्याचा जुना प्रोग्रॅम आणि जकार्डचे लॉक विंडोज ११ वर चालेल का, हे आधी कसे तपासावे?

नमस्कार. सोलापूरला अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेल आणि चादरींचा लहान यंत्रमाग कारखाना आहे. मागांचे काम वडील पाहतात. हिशेब, बटवडा (कामगारांची आठवड्याची मजुरी काढून वाटणे) आणि डिझाइनचे संगणकावरील काम गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. कार्यालयातील मुख्य संगणकावर विंडोज १० आहे. या आवृत्तीचा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. बँकेचे आणि जीएसटीचे आमचे सगळे व्यवहार याच यंत्रावरून होतात, त्यामुळे ते असेच चालू ठेवणे मला योग्य वाटत नाही. मात्र विंडोज ११ कडे जाण्याआधी आमचे कोणते प्रोग्रॅम तेथे चालतील आणि कोणते अडतील, हे मला खात्रीने समजून घ्यायचे आहे.

इतकी काळजी घेण्याचे कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी लेबले छापण्याच्या दुसऱ्या संगणकावर एका तंत्रज्ञाने नवे विंडोज घालून दिले. त्यांनी सर्व फाइली जपून ठेवल्याचे सांगितले होते आणि ते खरेच होते. पण ती लेबले युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेली होती आणि फॉन्ट नव्या यंत्रावर आणायचे राहून गेले. फाइल उघडली तेव्हा मराठीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा गोंधळ दिसत होता. जुन्या सीडीतून फॉन्ट शोधून काढेपर्यंत तीन दिवस गेले आणि तेवढे दिवस बांधलेला माल लेबलांवाचून पडून राहिला. तेव्हापासून ‘सगळा डेटा आहे’ एवढ्या उत्तरावर मी थांबत नाही.

आता मुख्य संगणकाविषयी. त्यात चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम आहे. मूळचे विंडोज ७ होते. २०१६ साली मोफत मिळणाऱ्या बदलातून विंडोज १० आले. प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही, त्यामुळे आठव्या पिढीच्या आय-५ चा वापरलेला संगणक घ्यावा, असा विचार आहे.

बटवड्याचा प्रोग्रॅम डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरील फॉक्सप्रोमध्ये (नोंदी ठेवण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहिलेला आहे. तो लिहून देणारे गृहस्थ आता हयात नाहीत. प्रत्येक मागावर आठवड्यात किती नग उतरले, कोणत्या जातीच्या टॉवेलला काय दर आहे, कोणी किती उचल घेतली आणि त्यातून या आठवड्यात किती वळती करायची, हा सगळा हिशेब तो करतो आणि १३२ कॉलमच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर बटवड्याचा तक्ता छापतो. प्रिंटर जुन्या रुंद पॅरलल पोर्टला जोडलेला आहे. कामगारांचा या छापील तक्त्यावर विश्वास आहे, आणि त्यात एका रुपयाची चूक झाली तरी ती माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

जकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) डिझाइनचा प्रोग्रॅम विंडोजचा आहे, परंतु त्याचे लॉकही (परवान्याची खूण म्हणून संगणकाला जोडायची लहान डबी) पॅरलल पोर्टलाच लागते आणि लॉक नसेल तर तो उघडतच नाही. डिझाइन तयार झाले की ते पेन ड्राइव्हवरून मागाच्या कंट्रोलरमध्ये घालतो. विक्रेत्याकडे विचारले असता नवी आवृत्ती विकत घ्यावी एवढेच उत्तर मिळाले, आणि तिची किंमत आमच्यासारख्यांना सहज पेलणारी नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर नवे आहे, त्याची चिंता नाही.

जुन्या यंत्राला हात न लावता या दोन प्रोग्रॅमांची खात्रीशीर तपासणी कशी करावी, हा माझा प्रश्न आहे. नव्या संगणकावर एकदा प्रोग्रॅम उघडला म्हणजे तो चालतो असे मानावे का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

ताई, मी सोलापुरातच संगणक दुरुस्तीचे काम करतो. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे साधन पुष्कळ जण चालवतात आणि हिरवी खूण दिसली की निर्धास्त होतात. ते साधन फक्त यंत्र तपासते, म्हणजे प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरक्षितपणे सुरू होण्याची सोय), रॅम आणि डिस्क. तुमच्या प्रोग्रॅमांविषयी ते काहीही सांगत नाही.

तुमच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ येथे जाऊन ‘सिस्टिम टाइप’ पाहा; विंडोज बत्तीस बिटांचे (जुना प्रकार) आहे की चौसष्ट बिटांचे (नवा प्रकार), ते तेथे दिसते. विंडोज ७ बत्तीस बिटांचे असेल तर त्यावरून आलेले विंडोज १० सुद्धा बत्तीस बिटांचेच राहिलेले असते. तसे असेल तर आज तुमचा बटवडा का चालतो, याचे उत्तर तिथेच आहे. डॉसचे आणि सोळा बिटांचे प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भाग फक्त बत्तीस बिटांच्या विंडोजमध्ये असतो. विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांचे आहे. त्यात हा भाग नाही, आणि कंपॅटिबिलिटीच्या कोणत्याही पर्यायावर खूण करून तो येत नाही.

खात्री करायची असेल तर आजच्या यंत्रावर बटवड्याचा प्रोग्रॅम उघडा, टास्क मॅनेजरमधील ‘डिटेल्स’ या पानावर जा आणि ntvdm.exe म्हणजे एनटीव्हीडीएम या नावाची ओळ दिसते का ते पाहा. दिसली तर तो प्रोग्रॅम विंडोज ११ वर थेट चालणार नाही, हे नवा संगणक विकत घेण्याआधीच निश्चित होते. डिझाइनचा प्रोग्रॅमही असाच उघडून पाहा.

तरीही मार्ग आहे. व्हीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स यांसारखे एमुलेटर चौसष्ट बिटांच्या विंडोजवर डॉसचे वातावरण उभे करतात. साधा डॉसबॉक्स मुख्यतः खेळांसाठी केलेला आहे, म्हणून कार्यालयीन कामासाठी मी तो सुचवणार नाही. एमुलेटरमधून छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे वळवता येते. तेथे मात्र सावध राहा, कारण रुंद तक्ता कागदावर बसवण्यासाठी जुने प्रोग्रॅम प्रिंटरला अक्षरे बारीक करण्याचे संकेत पाठवतात. ते संकेत वाटेत हरवले तर आकडे बरोबर असूनही शेवटचे रकाने पुढच्या ओळीवर घसरतात.

प्रोग्रॅम उघडला म्हणजे तो चालला, असे मानू नका. एका पूर्ण आठवड्याची नोंद, हिशेब, उचलीची वळती, छपाई आणि पुढच्या आठवड्यात शिल्लक पुढे नेणे एवढे सगळे झाले, तरच तो चालला म्हणायचे. मूळ डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर घ्या, मूळ डिस्क काढून कपाटात ठेवा आणि सगळे प्रयोग प्रतीवरच करा. नवे विंडोज घातल्यावर दहा दिवसांत मागे जाता येते, हे आपण ऐकले असेल. पण ती सोय त्याच यंत्रावर जुन्यावर नवे चढवले असेल तेव्हाच मिळते. बत्तीस बिटांवरून चौसष्टवर जाताना सगळे नव्याने घालावे लागते, त्यामुळे तुम्हाला तिचा उपयोग नाही.

धागाकर्तीचे उत्तर

दादा, मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले. विंडोज खरोखरच बत्तीस बिटांचे आहे. बटवडा उघडल्यावर एनटीव्हीडीएमची ओळ दिसली. डिझाइनचा प्रोग्रॅम उघडल्यावर तशी ओळ आली नाही. म्हणजे डिझाइनचा प्रोग्रॅम निदान बत्तीस बिटांचा आहे आणि अडचण लॉकची असावी, असे मी समजते आहे. यूएसबीला जोडायची पॅरलल केबल बाजारात मिळते, ती घेऊन लॉक लावले तर चालेल का?

प्रतिसाद २

आमचा कारखाना पूर्व भागात आहे आणि आम्ही हाच प्रयोग करून पाहिला आहे, म्हणून लिहितो. ती केबल घेऊ नका. विंडोजला ती खरा पॅरलल पोर्ट म्हणून दिसत नाही, केवळ प्रिंटरची जोडणी म्हणून दिसते. लॉक मात्र पोर्टच्या हार्डवेअरशी थेट बोलते, त्यामुळे आमचे लॉक त्यावर ओळखले गेले नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी तीच केबल आम्ही आजही वापरतो.

लॉकसाठी संगणकाच्या आत बसणारे पीसीआय एक्स्प्रेसचे पॅरलल कार्ड लागते, म्हणून नवा संगणक अगदी लहान खोक्याचा घेऊ नका; आत कार्डाची जागा आहे ना, ते उघडून पाहा. कार्डानेही काम पूर्ण होत नाही. लॉकचा ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण वापरता यावे यासाठीचा छोटा प्रोग्रॅम) वेगळा असतो आणि चौसष्ट बिटांच्या विंडोजला ड्रायव्हरही चौसष्ट बिटांचा, डिजिटल सही असलेला लागतो. प्रोग्रॅम बत्तीस बिटांचा असला तरी चालतो, ड्रायव्हर नाही. लॉकवर लिहिलेले नाव आणि क्रमांक टिपून त्याचा ड्रायव्हर मिळतो का ते आधी शोधा. विक्रेत्याला नव्या आवृत्तीविषयी विचारण्याऐवजी पॅरलल लॉक जमा करून यूएसबी लॉक मिळेल का, एवढेच लेखी विचारा. आम्हाला तसे मिळाले, आणि त्याचा खर्च नव्या आवृत्तीच्या मानाने फारच कमी आला.

तेही जमले नाही तर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ डिझाइनसाठी ठेवण्यात काही कमीपणा नाही. बँकेचे व्यवहार तेवढे त्यावरून हलवा.

प्रतिसाद १ यांची पुरवणी

एक गोष्ट लिहायची राहिली. बटवड्याच्या फोल्डरमधील डीबीएफ फाइलींची (फॉक्सप्रो ज्यांत नोंदी साठवतो त्या फाइलींची) प्रत काढून ती लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये (एक्सेलसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये) उघडून पाहा. उद्या प्रोग्रॅम कोठेच चालला नाही, तरी कामगारांच्या उचलीच्या नोंदी वाचता येतील. सोबतच्या एफपीटी फाइलींत लांब मजकूर असतो, त्याही प्रतीत घ्या.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. डीबीएफ फाइली घरच्या लॅपटॉपवर कॅल्कमध्ये उघडल्या आणि उचलीच्या सर्व नोंदी नीट दिसल्या. लॅपटॉप विंडोज ११ चा असल्याने व्हीडॉसही त्यावरच घालून बटवड्याच्या प्रतीवर मागचा एक आठवडा पुन्हा भरला. एकूण रक्कम मूळ तक्त्याशी तंतोतंत जुळली. छपाईत मात्र शेवटचे दोन रकाने खाली घसरले, म्हणजे आपण वर्तवलेली अडचण आलीच. त्यावर काम चालू आहे.

लॉक बदलून देण्याविषयी विक्रेत्याला लेखी विचारले आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत डिझाइन जुन्या संगणकावरच राहील आणि त्याची इंटरनेटची वायर आजच काढून ठेवली आहे. बँक आणि जीएसटीचे काम तोवर लॅपटॉपवरून करीन. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत कारखाना बंद असतो, तेव्हा नवा संगणक मांडायचा आणि त्यानंतरचे चार बटवडे दोन्ही यंत्रांवर करून तक्ते शेजारी ठेवून ताडून पाहायचे, असे वडिलांशी बोलून ठरवले आहे. व्हीडॉसमध्ये डॉट मॅट्रिक्सला बारीक अक्षरांचा संकेत जसाच्या तसा पाठवण्याची मांडणी कोणी केली असेल, तर ती कृपया येथे लिहावी.