मदत हवी आहे: हातांचा इसब आणि पॅच टेस्ट (पुणे)

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोथरूडला प्रॅक्टिस करते. पावसाळ्यापासून हातांच्या त्वचेने फार छळलंय. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे, रात्रभर खाज, आणि उजव्या अंगठ्याच्या पेरावर अशी भेग की लिंबू पिळलं तरी डोळ्यांत पाणी येतं.

डॉक्टरांच्या मलमाने बरं वाटतं, पण काम सुरू केलं की पुन्हा तेच. सुट्टीत गावी गेले तर हात आपोआप सुधारले, त्यामुळे मूळ कामातच आहे याची मला खात्री आहे. प्रत्येक पेशंटनंतर साबणाने हात धुणं, मसाजचं सुगंधी तेल, अल्ट्रासाउंडचं जेल, रबरी हातमोजे. यातलं नेमकं काय? नुसत्या पाण्या-साबणाने त्वचा कोरडी पडून इसब होतो, तसाच सुगंधी द्रव्यं, जेलमधले प्रिझर्व्हेटिव्ह किंवा हातमोज्यांतली रसायनं यांच्या ॲलर्जीनेही होतो. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून पॅच टेस्ट, म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते शोधणारी त्वचेची तपासणी, करायची आहे.

पाठीवर पट्ट्या लावून ४८ तासांनी काढतात आणि नंतर पुन्हा एकदा बघतात, म्हणजे फेऱ्या होणार. पुण्यात ही टेस्ट नीट कुठे होते? ससूनच्या त्वचारोग ओपीडीत होते का? स्वतःच्या वापरातलं तेल आणि जेल सोबत न्यावं का?

मसाज करणाऱ्या ताई-दादांनी बिनवासाचं कोणतं तेल वापरून बघितलंय तेही सांगा. हळद-लिंबाचे लेप कृपया नकोत, फुटलेल्या त्वचेला ते सोसत नाहीत.