मदत हवी: शेतकऱ्यांच्या प्रश्नांवरून सोयाबीनचा नॉलेज ग्राफ कसा वाढवावा?

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. सोयाबीनच्या किडी-रोगांचा छोटा नॉलेज ग्राफ बनवतोय: कीड, लक्षण, उपाय आणि त्यांना जोडणारी नाती. पाया इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशींवरून हाताने भरलाय, तेवढा भाग भक्कम आहे. पण शिफारशीत असतं 'चक्रीभुंगा, देठावर दोन समांतर खाचा' आणि शेतकरी विचारतो, "शेंडा वाळलाय, काय मारू?" ही बोलीतली लक्षणं आत आणायला किसान कॉल सेंटरच्या (शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणारी सरकारी सेवा) नोंदी घेतल्या. सरकारच्या डेटा पोर्टलवर त्या खुल्या आहेत. पीक, जिल्हा, तालुका, प्रश्न, दिलेलं उत्तर असे रकाने.

त्यावर अप्रायोरी (कुठल्या गोष्टी वारंवार एकत्र येतात ते शोधून 'हे असेल तर ते' असे नियम काढणारा अल्गोरिदम) चालवला आणि तिथंच गाडी अडली. 'पानं पिवळी, तर बुरशीनाशक' हा नियम चांगला कॉन्फिडन्स (पहिली गोष्ट असलेल्या नोंदींपैकी किती नोंदींत दुसरीही आहे ते प्रमाण) घेऊन वर येतो. पण पिवळा मोझॅक असेल तर तो विषाणू. पांढरी माशी पसरवते, बुरशीनाशकाचा काडीचा उपयोग नाही. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं तरी कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी साचलं तरी पिवळीच. असल्या नियमावरून कुणी फवारणी केली तर पैसा त्या माणसाचा जातो, ते मला नकोय.

सपोर्टची (एकूण नोंदींपैकी किती नोंदींत ती जोडी दिसते) मर्यादा खाली आणली की कचरा येतो, वर नेली की हुमणी अळीसारखे कमी येणारे प्रश्न गळतात. लिफ्ट (जोडी निव्वळ योगायोगापेक्षा किती पट जास्त एकत्र येते तो आकडा) तर दोन-चार नोंदींच्या जोडीलाही डोक्यावर घेतो. कुठले नियम ठेवायचे, हे तुम्ही कसं ठरवता?

प्रतिसाद १
आकड्यांआधी रचना बघा. नोंदीत प्रश्न आहे, उत्तर आहे, मधलं निदान नाही. तुम्ही लक्षण थेट औषधाला बांधताय. मायनिंगमधून (नोंदींतून नियम शोधण्याच्या कामातून) उत्तराचा रकाना काढूनच टाका. उपाय शिफारशींतूनच येऊ द्या, तोही निदानाला जोडून. नोंदींकडून एवढंच घ्या: कुठली लक्षणं एकत्र येतात, कुठल्या तालुक्यात, कुठल्या महिन्यात. नवं नातं 'तपासायचं' असा शिक्का मारून वेगळं ठेवा. कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना नुसता नियम दाखवू नका, त्यामागचे मूळ प्रश्न वाचायला द्या.

धागाकर्ता
पटलं, उत्तराचा रकाना आजच काढतो. आता एकच अडचण: 'शिरा हिरव्या आहेत' असं फोनवर कुणी आपणहून सांगत नाही. मग लोहाची कमतरता आणि मोझॅक वेगळे कशावरून करू? पेरणीची तारीख नोंदीत नाही, फोनची आहे. तालुकावार पावसाचे आकडे जोडून कुणी पाहिलंय का?