मदत हवी आहे: बीअर स्पर्धेचं परीक्षण सुधारायचं कसं?

फेसाळ
लोकहो, तातडीने मदत हवी आहे. आमच्या क्लबची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय आणि यंदा परीक्षणाचं घोंगडं माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या वर्षी फार शोभा झाली. एका पठ्ठ्याने एकाच घाण्याची पेल एल स्वतःच्या नावाने आणि बायकोच्या नावाने अशी दोनदा पाठवली. एका टेबलावर ३९ गुण, दुसऱ्यावर २६. एका कागदावर 'कडवटपणा कमी पडतो', दुसऱ्यावर 'नुसती कडू'. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. तेव्हापासून अर्धा क्लब उरलेल्या अर्ध्याशी बोलत नाही.
परीक्षक चांगले हवेत एवढं कळतंय. ते तयार कसे करायचे? दारू वाईट वगैरे प्रवचन नको, वेळ नाहीये.

निर्व्यसनी
प्रवचन ऐकायला वेळ नाही, बीअरचे पेपर तपासायला आहे. चालू द्या.

शंकासुर
३९ कितीपैकी? शंभरपैकी असतील तर २६ वाला नापास आणि ३९ वाला काठावर. स्पर्धा कुठे? बाटल्या किती, परीक्षक किती, एक दिवस की दोन? भाजी कसली ते सांगत नाही आणि मीठ किती घालू विचारताय.

कोथरूडचा_कोपरा
घरी बीअर गाळणं बेकायदा आहे ना? दारूबंदी कायदा १९४९ चा असला तरी अजून जिवंत आहे बरं. क्लबसकट उचलतील.
अवांतर: पुण्यात २००९ साली डूलाली हा स्वतः बीअर गाळणारा पब सुरू झाला तेव्हा आम्ही पहिल्यांदा ताजी बीअर प्यायलो. आता इतकी ठिकाणं झालीत की कुठे जावं कळत नाही. कुणी सुचवेल का?

फेसाळ
अहो मी अमेरिकेत, ओहायोत आहे, प्रोफाइलमध्ये लिहिलंय की! इथे १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टरांनी कायद्यावर सही केली तेव्हापासून घरच्या बीअरला मुभा आहे. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन. गुण ५० पैकी, बीजेसीपीचा (बीअर परीक्षकांची परीक्षा घेणारी संस्था) नेहमीचा कागद. बाटल्या ८४, परीक्षक ९, टेबलं चार, दिवस एकच. आता उत्तर द्या.

कडूजहर
उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. चार टेबलांत ८४ म्हणजे टेबलामागे २१ बीअर. प्रत्येकीचे ६० मिलि धरले तरी माणशी सव्वा लिटर, आपल्याकडच्या भाषेत जवळजवळ चार पाइंट. त्यात एखादा घाणा साडेनऊ टक्क्यांचा. आमच्याकडे एका बैठकीत बाराच्या वर जात नाही, आणि माझी जीभ दहाव्यालाच संपावर जाते.
मी गेली अकरा वर्षं परीक्षण करतोय. सगळ्यात मोठा रोग म्हणजे उलटी बेरीज. वासाचे १२, रंगरूपाचे ३, चवीचे २०, तोंडात कशी लागते त्याचे ५, एकंदर १०, अशी वाटणी असते. लोक काय करतात? एक घोट घेऊन 'तीस' ठरवतात आणि मग मागे जाऊन रकाने भरतात, कॉलेजच्या प्रॅक्टिकलच्या मार्कांसारखे. दुसरा रोग हुंकाराचा. अनुभवी माणसाने घोट घेऊन नुसतं 'हंऽ' केलं की शेजारच्या नवख्याचे पाच गुण उतरतात. दोघांचं लिहून होईपर्यंत टेबलावर चूप. नंतर भांडा, पण कागद भरल्यावर.

सुगरण_नाशिक
मी बीअर कधी चाखली नाही, पण आमच्या मंडळात उकडीच्या मोदकांना परीक्षक म्हणून बसले होते म्हणून लिहिते. ३२ मोदक. पहिल्या सातांना मी उकडीला चीर गेली म्हणून गुण कापले. पंधरावा येईपर्यंत चिरा दिसेनाशा झाल्या. मग एकीने जायफळाचा नुसता मारा केलेला मोदक आला आणि त्याच्या पुढचा एकदम मिळमिळीत लागला. चार गुण दिले. तोच मोदक डब्यात घालून घरी आणला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ला तर काय सुंदर! त्या बाई अजून माझ्याकडे बघत नाहीत.

कडूजहर
@सुगरण, लाखातलं बोललात. क्रमाचं हेच गणित. हलकी आधी, मग कडू, मग भाजक्या माल्टची (मोड आणलेल्या बार्लीची), तेज सगळ्यात शेवटी. इम्पीरियल स्टाउटसारख्या जड काळ्या बीअरनंतर कोल्शसारखी हलकी फिकी ठेवली तर ती पाणीच लागणार.

चहाबाज
२१ काय घेऊन बसलात, मी कोलकात्याला असताना दिवसाला दोन-अडीचशे कप चाखत होतो. चमचा भरायचा, जोरात ओढायचा, थुंकायचा. परीक्षकांना थुंकायला लावा, सगळे प्रश्न मिटतील.

कडूजहर
चहाचं ठीक. बीअर गिळल्याशिवाय कडवटपणा पुरता कळत नाही.

चहाबाज
जिभेच्या मागच्या टोकालाच कडू कळतं हा नकाशा केव्हाच खोटा ठरलाय. अजून तेच धरून बसलात?

कडूजहर
मी नकाशा काढलाच नाही. गिळल्यावर घशातून नाकाकडे चढणारा वास आणि मागे रेंगाळणारी चव म्हणतोय. घोट लहान घ्या म्हणालात तर मान्य. थुंका म्हणालात तर तुमचा चहा तुम्हाला लखलाभ.

निर्व्यसनी
थुंकायचीच तर तोंडात घ्यायची कशाला?

संख्याशास्त्री
मूळ मुद्दा राहिला बाजूलाच. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांपुढे एकाच बाटलीतली वाइन नकळत तीनदा ठेवली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणारे निघाले दहातला जेमतेम एक. म्हणजे तुमचा ३९-२६ चा फोटो हा अपवाद नाही, तो नियम आहे.
आधी मोजा, मग सुधारा. त्रिकोणी चाचणी घ्या: तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. अंदाजपंचे तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एका फेरीवर जाऊ नका, दहा-बारा घ्या. रच्याकने, आमच्या शास्त्रावर बीअरचे उपकार आहेत. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायची टी-टेस्ट काढणारे गॉसेट गिनेस या बीअर कंपनीचे नोकर. १९०८ साली त्यांनी ती 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली.

शंकासुर
धागाकर्ते गायब. २६ वाली बाटली टेबलावर कितवी आली? जेवणाआधी की नंतर? आणि स्पर्धेआधी बाटल्या होत्या कुठे?

फेसाळ
ऑफिसात होतो हो. एकोणिसावी. जेवणानंतर. जेवायला टाको होते, हालापिन्यो मिरच्या बाजूला ठेवायला सांगितले होते पण कोण ऐकतंय. बाटल्या माझ्याकडे जमा झाल्या. आधी आलेल्या फ्रीजमध्ये. बायकोच्या नावाची उशिरा आली, तोवर फ्रीज भरला होता म्हणून गराजमध्ये. दहा दिवस. ऑगस्ट होता. पण मी परीक्षकांबद्दल विचारतोय, बाटल्यांबद्दल नाही.

शंकासुर
दंडवत घ्या.

कडूजहर
थांबा थांबा. ऑगस्टात बंद गराजमध्ये दहा दिवस? मग टेबलावर आली तेव्हा ती बीअर एक राहिलीच नव्हती. उष्णतेने हॉपचा (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) वास उडतो, माल्टचा गोडवा कळकट होतो, उरतो तो उघडा कडवटपणा. 'नुसती कडू' लिहिणाऱ्याने आणखी काय लिहिलं होतं? भिजलेला पुठ्ठा, जुना कागद, असं काही?

फेसाळ
कागद शोधला. वासाच्या रकान्यात 'ओला पुठ्ठा' लिहिलंय. आम्ही त्यावर हसलो होतो. पोरगा नवीनच परीक्षा देऊन आलेला. यंदा त्याला बोलावलेलं नाही.

सुगरण_नाशिक
अगंबाई. आधी त्याला फोन करा.

कडूजहर
फोन कराच, आणि त्याला तुमच्यातल्या सर्वांत मोठ्या तोंडाच्या माणसाशेजारी बसवू नका. बीजेसीपीच्या परीक्षेत दीड तासात सहा बीअर चाखून कागद भरावे लागतात, ताजा माणूस त्या तयारीत असतो. तीन आठवड्यांत तेज परीक्षक घडत नाहीत, पण एक संध्याकाळ करता येईल. एक फिकी लागर बीअर आणा. तिची एक हिरवी बाटली तासभर उन्हात ठेवा. दुसरी आजपासून गराजमध्ये, तुमच्या त्या सुप्रसिद्ध गराजमध्ये. बाकी दोष मिसळायला कुप्या मिळतात: डायअ‍ॅसिटिलचा पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा वास, डीएमएसचा उकडलेल्या मक्याचा, अ‍ॅसिटाल्डिहाइडचा हिरव्या सफरचंदाचा. सगळ्यांनी एकत्र हुंगायचं. निदान एकाच वासाला नऊ जण नऊ नावं देणार नाहीत. आणि स्पर्धा दोन दिवसांची करा नाहीतर ४८ बाटल्यांवर प्रवेश बंद करा.

संख्याशास्त्री
त्या ४८ मध्ये दोन-तीन बाटल्या दुबार लपवा. परीक्षकांना सांगू नका.

चहाबाज
थुंकदाणी ऐच्छिक ठेवायला काय हरकत आहे?

फेसाळ
अपडेट. शनिवारी घरी प्रयोग केला. बायकोने पाच ग्लास भरले, खाली चिठ्ठ्या चिकटवल्या, मी पाठ करून उभा. दुसरा आणि पाचवा ग्लास एकाच बाटलीतले होते. दुसऱ्याला मी ३४ दिले, पाचव्याला २७. शेरे मात्र झकास लिहिले होते, दोन्हीकडे वेगवेगळे. कागद आता फ्रीजवर लावलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.
त्या पोराला फोन केला. येतो म्हणाला. मी परीक्षणातून बाहेर पडून नुसत्या बाटल्या उघडायला उभा राहतोय. प्रवेश बंद करता येत नाहीत, ८४ चे पैसे घेऊन झालेत, म्हणून शनिवार-रविवार करतोय. टाको रद्द, बिनमिठाचा पाव आणि पाणी. सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये.

शंकासुर
सगळ्या म्हणजे किती? प्रत्येकाकडून तीन-तीन मागवल्या असतील तर २५२ होतात. फ्रीज केवढा आहे?