‘पाय ओढणे’ आणि ‘पुल समवन्स लेग’ : इंग्रजी लेखनातील अवयववाचक वाक्प्रचार

प्रश्न : एखाद्याच्या प्रगतीत आडकाठी आणणे या अर्थी आपण ‘पाय ओढणे’ म्हणतो. त्याच अर्थाने इंग्रजी पत्रात ‘पुल समवन्स लेग’ असे लिहावे का? शिवाय अशा वाक्प्रचारांत अवयव एकवचनी ठेवायचा की अनेकवचनी?

उत्तर : तसे लिहू नये. इंग्रजीत या वाक्प्रचाराचा अर्थ गंमत म्हणून एखाद्याला खोटेच काही पटवून देणे असा असून त्यात वैरभाव नसतो. ‘सहकारी माझे पाय ओढतात’ ही तक्रार त्या शब्दांत मांडली, तर तुमची थट्टामस्करी चालते एवढेच वाचणाऱ्याला कळेल आणि तक्रारीतला जीवच निघून जाईल. तेथे ‘अंडरमाइन’ हे साधे क्रियापद कितीतरी चांगले. ‘ड्रॅग वन्स फीट’ हाही वाक्प्रचार पर्याय म्हणून सुचण्याचा संभव आहे. परंतु त्यात ओढले जाणारे पाय स्वतःचे असतात आणि अर्थ मुद्दाम चालढकल करणे असा होतो.

‘वॉश वन्स हँड्स ऑफ’ याबाबत अधिक सावध राहावे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 27व्या अध्यायात रोमन सुभेदार पिलात जमावासमोर हात धुतो आणि येशूच्या मृत्यूची जबाबदारी आपली नाही असे जाहीर करतो. त्या प्रसंगावरून अंग काढून घेणे हा अर्थ रूढ झाला. आपले ‘हात धुवून मागे लागणे’ जवळजवळ त्याच्या उलट आहे. येथील ‘ऑफ’ एका एफचे असते, हेही लिहिताना पाहावे.

‘आउट ऑफ हँड’ मात्र इंग्रजीतच दोन तऱ्हांनी वापरतात. ‘गेट’ या क्रियापदाबरोबर ते आपल्या ‘हाताबाहेर जाणे’ याच्याशी तंतोतंत जुळते. पण ‘रिजेक्ट’बरोबर आले की विचारही न करता तडकाफडकी फेटाळणे असा अर्थ होतो. म्हणून, माझ्या मते, असे वाक्प्रचार क्रियापदासकट टिपून ठेवावेत.

वचनाचा सरसकट नियम नाही. अनेकांनी पाऊल ठेवले तरी ‘दे सेट फूट’ असेच लिहितात, ‘फीट’ कधीच नाही. मालकी बदलणे या अर्थाच्या ‘चेंज हँड्स’मध्ये उपपद येत नाही, तर लक्ष ठेवणे या अर्थाच्या ‘कीप ॲन आय ऑन’मध्ये ‘ॲन’ अनिवार्य असते. भान सुटणे या अर्थाच्या ‘दे लॉस्ट देअर हेड्स’ येथे मात्र कर्त्याप्रमाणे नामही अनेकवचनी होते.

उच्चारसाम्यामुळे होणारी एक चूक मुद्रितातही आढळते. शिस्तीने ठरलेली चौकट पाळणे या अर्थाच्या ‘टो द लाइन’मधील ‘टो’ म्हणजे पायाचे बोट, कारण मूळ कल्पना आखलेल्या रेषेला बोटे टेकवून उभे राहण्याची आहे. वाहन ओढून नेण्याच्या ‘टो’चे स्पेलिंग तेथे चालत नाही.