मिनिक्यूबच्या पॉडमध्ये शेअर केलेला फोल्डर रिकामा दिसतो

प्रश्न
लिनक्सवर केव्हीएम ड्रायव्हर (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) वापरून मी मिनिक्यूबचे, म्हणजे स्वतःच्या संगणकावर कंटेनर चालवून पाहण्यासाठीच्या छोट्या कुबरनेटीसचे, एका नोडचे (एकाच मशीनचे) क्लस्टर उभे केले आहे. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे आणि नोड 'रेडी' दिसतो. माझ्या होम डिरेक्टरीतील सोर्स कोडचा फोल्डर होस्टपाथ व्हॉल्यूम (मशीनवरचा फोल्डर कंटेनरला देण्याची सोय) म्हणून जोडला असता पॉड (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा गट) विनातक्रार सुरू होतो, परंतु आत तो फोल्डर रिकामाच असतो. पाथ दोनदा तपासला आहे. काय राहिले असावे?

उत्तर
होस्टपाथमधील पाथ नोडवर शोधला जातो आणि आपल्या मांडणीत नोड म्हणजे ती व्हर्च्युअल मशीन आहे. तिच्या डिस्कवर आपला फोल्डर नसल्यामुळे त्या जागी नवा, रिकामा फोल्डर तयार झाला. व्हॉल्यूमचा टाइप 'डिरेक्टरी' असा दिला असता, तर पॉड सुरूच झाला नसता आणि इव्हेंट्समध्ये 'फेल्डमाउंट' (माउंट, म्हणजे फोल्डरची जोडणी, फसली) दिसले असते. म्हणून टाइप नेहमी लिहावा, असे माझे मत आहे.

आता वेगळ्या टर्मिनलमध्ये 'मिनिक्यूब माउंट' ही कमांड आपल्या फोल्डरचा आणि मशीनमधील जागेचा पाथ देऊन चालवा, आणि होस्टपाथमध्ये मशीनमधील पाथ लिहा. ही कमांड आपल्या संगणकावर ९पी या, नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या प्रोटोकॉलचा सर्व्हर चालवते, त्यामुळे टर्मिनल बंद केले की माउंट तुटतो, आणि फायरवॉलने मशीनकडून येणारी जोडणी अडवली तर तो होतच नाही. माउंट झाल्यावर पॉड काढून नव्याने तयार करा, कारण आधीपासून चालू असलेल्या कंटेनरला नंतर केलेला माउंट दिसत नाही.

प्रश्नकर्ता
फाइली दिसू लागल्या, आभारी आहे. मात्र त्याच माउंटवर पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा ठेवला, तर कंटेनर परवानगीची त्रुटी देऊन बंद पडतो. शिवाय फाइल सेव्ह केल्यावर डेव्हलपमेंट सर्व्हर आपोआप रीलोड होत नाही.

दुसरे उत्तर
डेटाबेस ९पीवर ठेवूच नये. पोस्टग्रेसला डेटा डिरेक्टरीची मालकी स्वतःकडे लागते, तर माउंटवरील मालकी माउंट करतानाच्या यूआयडी-जीआयडी (वापरकर्त्याचा व गटाचा क्रमांक) पर्यायांनी ठरते. त्याऐवजी पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम (क्लस्टरकडे टिकाऊ साठवणुकीची मागणी) करा. मिनिक्यूबचा अंगभूत प्रोव्हिजनर मशीनच्या डिस्कवर जागा देतो आणि 'मिनिक्यूब डिलीट' करेपर्यंत तो डेटा टिकतो.

रीलोडचे कारण निराळे आहे: आपल्या संगणकावर झालेल्या बदलाची आयनोटिफाय सूचना (फाइल बदलल्याचे लिनक्स देते ती) ९पीमधून पलीकडे पोहोचत नाही. सर्व्हरमध्ये पोलिंगची (ठरावीक वेळाने स्वतः फाइली तपासण्याची) सोय असल्यास ती सुरू करा. नोडमॉड्यूल्ससारखा (जावास्क्रिप्ट लायब्रऱ्यांचा) हजारो बारीक फाइलींचा फोल्डर मात्र माउंटबाहेर, कंटेनर ज्यावरून तयार होतो त्या इमेजमध्येच ठेवा, नाहीतर पोलिंग असह्य संथ होईल.