ठिबकने पाणी खरंच वाचतं का?

पाणकळा: ‘ठिबक लावा, निम्मं पाणी वाचवा’ हे इतक्यांदा ऐकलंय, की वाचलेलं जातं कुठे हे कुणी विचारतच नाही. पाटाने भिजवलं तर थोडं पीक पितं, थोडं उडून जातं आणि बरंचसं मुरून उताराला खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीला लागतं. ठिबकने ते मुरणं थांबतं. मग ‘वाचलेल्या’ पाण्यावर शेतकरी आणखी चार एकर भिजवतो. (मीही तेच केलं असतं.) वरच्याचं उत्पन्न वाढलं, खालच्याची विहीर आटली. कार्यक्षमता वाढली की कोळसा कमी नाही, जास्तच जळतो, असं इंग्रज अर्थतज्ज्ञ जेव्हन्सने १८६५ मध्येच मांडलं होतं. म्हणून आधी खोऱ्यातल्या उपशावर मर्यादा, मगच अनुदान.

खडासवाल: असहमत. माणूस उपसतो त्यातलं जवळपास ७० टक्के गोडं पाणी शेतीला जातं. म्हणजे मर्यादेची कुऱ्हाड कुणावर, ते उघड आहे. आधी कमाई वाढू द्या, तंत्रज्ञान परवडेल. सिंगापूर सांडपाणी शुद्ध करून वापरतंच की!

पाणकळा: शहराचं सांडपाणी गटारातून एका जागी येतं. पिकाने हवेत सोडलेली वाफ कुठल्या टाकीत धरणार? आणि श्रीमंतीचंच म्हणाल, तर सिंगापूरइतकं श्रीमंत नसलेलं, नामिबियातलं विंडहोक शहर १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पितंय.

मोजपट्टी: मर्यादा हवीच, पण ठरीव आकड्यात नको. अमेरिकेतल्या कोलोराडो नदीचा १९२२ चा पाणीवाटपाचा करार भरल्या वर्षांचा प्रवाह धरून झाला. नदीत नव्हतं तेवढं पाणी कागदावर वाटलं गेलं. आता तापमानवाढीने प्रवाह आणखी घटलाय आणि २०२१ मध्ये टंचाई जाहीर करावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात पाण्याचा हक्क म्हणजे ठरीव आकडा नाही, वाटा. यंदा त्यातलं किती टक्के मिळणार, ते साठा बघून ठरतं आणि ते विकताही येतं. मोठ्या दुष्काळात भातवाल्यांनी पेरा सोडून पाणी फळबागांना विकलं. झाडं जगली, भातवाल्यांनाही पैसे मिळाले.

खडासवाल: आणि त्या पडीक शेतावर रोजाने जाणाऱ्यांना? भाताच्या गिरणीतल्या हमालांना?

पाणकळा: हे माझ्या मांडणीत नव्हतं. हक्क जमीनवाल्याच्या नावावर, मजुराच्या नावावर काहीच नाही. विक्रीतला काही हिस्सा त्यांच्याकडे वळवता येईल का, @मोजपट्टी?

मोजपट्टी: वळवता येईल. पण मग विकणारा भाव वाढवून मागेल, आणि तो छोट्या बागवाल्याला झेपणार नाही.