आजेसासूबाईंच्या पाटल्या वाढवून हव्यात (मदत हवी आहे)

जास्वंदी:
नमस्कार मंडळी. दागिन्यांतलं मला फारसं कळत नाही, आणि घरात ज्यांना कळत होतं त्या आता नाहीत, म्हणून इथे विचारतेय.

आजेसासूबाईंच्या दोन पाटल्या सासूबाईंनी गेल्या महिन्यात माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाल्या, "लॉकरचं भाडं भरण्यापेक्षा हातात घाल." साठ-सत्तर वर्षांच्या तरी असतील. करंगळीएवढी रुंदी, वर वेलबुट्टी, आणि मनगटावर टेकायची ती बाजू झिजून आरशासारखी गुळगुळीत. अडचण अशी की त्यांचं माप सव्वादोन आणि माझं अडीच. साबण लावून पाहिलं, हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून पाहिलं. अंगठ्याच्या हाडापाशी जी अडते ती अडतेच. शिवाय एकीला आतून तांदळाच्या दाण्याएवढी चीर आहे आणि तिच्यातून तपकिरी चुरा पडतो. मला आधी गंज वाटला. (सोन्याला कुठला गंज, हे नवऱ्याने तीनदा ऐकवून झालंय.)

सराफाकडे गेलो. त्याने दोन्ही काट्यावर टाकल्या, ४१ ग्रॅम. मग म्हणाला, "आत लाख आहे. सोनं निम्मं धरू, वीस ग्रॅम, वर घट जाईल. हॉलमार्क नाही, दुसरीकडे कोणी घेणारही नाही. मोडा आणि नव्या घ्या." सासूबाई दुकानात गप्प होत्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "तुझ्या आहेत, तुला वाटेल ते कर." ज्यांना सासू आहे त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

तर लाखेच्या पाटल्या वाढवून मिळतात का? निम्मं सोनं हा हिशेब कुठून आला? आणि हॉलमार्क नसेल तर खरंच कोणी घेत नाही? मी ठाण्यात राहते, दादर किंवा झवेरी बाजारापर्यंत जाऊ शकते.

खारीबिस्कीट:
शीर्षक वाचून दचकलेच. अगं, बांगडी "वाढवली" म्हणजे फुटली! सासूबाईंना हा धागा दाखवायच्या आधी "मोठ्या करून हव्यात" असं कर.

एक नक्की सांगते, मोडू नकोस. माझ्या आईने तिच्या आईचे गोठ मोडून नव्या फॅशनच्या बांगड्या केल्या होत्या. त्या दहा वर्षांत जुन्या दिसायला लागल्या. गोठ फोटोत अजून छान दिसतात.

जास्वंदी:
शीर्षक आता बदलता येत नाहीये. राहू दे, सासूबाई इथे येत नाहीत.

गुजरीकर:
माझं माहेर कोल्हापूरचं. गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, वडिलांचं घडणीचं काम होतं, त्यामुळे लाखेच्या पाटल्या उघडताना आणि भरताना लहानपणापासून पाहिल्यात.

चुरा लाखेचाच. या पाटल्या पातळ पत्र्याच्या असतात, पत्र्याला पोचा पडू नये म्हणून पोटात लाख भरतात. कमी सोन्यात भरघोस दिसावं हाही हेतू, त्यात लपवाछपवी काही नव्हती, घेणाऱ्याला माहीत असायचं. लाख वर्षानुवर्षं कोरडी पडत जाते, चीर पडली की भुगा होऊन गळते. ती पाटली आता घालू नका. आतला आधार गेला की नुसत्या बोटानेही पत्रा दबतो.

मोठी करून मिळते, पण कसं ते समजून घ्या. पत्र्याला डाक, म्हणजे धातू वितळवून सांधा, द्यायचा तर विस्तव लागतो, आणि विस्तवाजवळ लाख टिकत नाही. म्हणून आधी पाटली शेकून लाख पूर्ण काढतात. वडील हे काम दुपारी दुकान रिकामं असताना करायचे, कारण तो वास संध्याकाळपर्यंत जात नसे. मग पाटली कापायची, त्याच कसाचा तुकडा जोडायचा, डाक द्यायचा, बारीक भोकातून नवी लाख भरायची आणि भोकावर सोन्याची टिकली बसवायची. सव्वादोनचं अडीच म्हणजे आतला व्यास पाव इंचाने वाढतो, घेर पाऊण इंचाहून थोडा जास्तच. तेवढी पट्टी नवी येणार आणि वेलबुट्टी तिथे तुटणार. चांगला कारागीर नक्षी जुळवून कोरतो, तरी तुम्हाला ती जागा रोज दिसेल.

मला विचाराल तर मोठी करूच नका. तुमचं मनगट सव्वादोनात सहज मावत असणार, अडतो तो पंजा. पाटली दोन भागांत कापून एका बाजूला बिजागरी आणि दुसऱ्या बाजूला तोड्याला असतो तसा मळसूत्री फिरकीचा पेच बसवून घ्या. नक्षी दोनच जागी कापली जाते, नवं सोनं नाममात्र लागतं. कापलेल्या तोंडांवर सोन्याची टोपणं बसवायला सांगा, नाहीतर लाख पुन्हा गळेल.

वजनदार:
मी सराफ नाही, इंजिनियर आहे, पण "निम्मं धरू" हे ऐकून राहवेना. वजन पाण्यात घेऊन बघा. भांड्यात पाणी घेऊन ते काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, पाटली दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर पाटलीचं आकारमान. बावीस कॅरेट सोनं एका घन सेंटिमीटरला साधारण पावणेअठरा ग्रॅम, लाख सव्वा ग्रॅमच्याही आत. त्यावरून सोनं किती ते काढता येतं. काटा मात्र दशांश ग्रॅम दाखवणारा हवा, स्वयंपाकघरातला चालणार नाही.

गुजरीकर:
चीर असलेली पाटली पाण्यात घालू नका हो! आत पाणी शिरलं की महिनाभर निघत नाही. चीर नसलेली, धडकी आहे तिच्यावर करा. आणि आत नुसती लाख असेलच असं नाही, कारागीर तिच्यात विटकरीची पूडही मिसळायचे. ती जड असते, तुमचं गणित तेवढं हलेल.

दगडूशेटचा_भाचा:
नावावर जाऊ नका, माझाही सराफीशी संबंध नाही. पण साठ-सत्तर वर्षं म्हणताय म्हणून एक गोष्ट. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. पुढे ती अट गेली, तरी सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० पर्यंत होता. पाटल्या नेमक्या त्या दिवसांतल्या असतील तर सोनं कमी कसाचं निघू शकतं. घडवल्याचं साल कळेल का?

हॉलमार्कची सक्ती जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली, तीही विकणाऱ्या सराफावर. घरातलं जुनं, बिनाशिक्क्याचं सोनं विकायला तुम्हाला आडकाठी नाही. बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मान्यता असलेल्या तपासणी केंद्रात ग्राहकालाही शुल्क भरून कस काढून मिळतो. मोडून नवं घेतलंत तर नव्या दागिन्यावर ३ टक्के जीएसटी आणि वर घडणावळ, हे त्या सराफाने सांगितलं का?

जास्वंदी:
नाही सांगितलं.

पाण्याचा प्रयोग केला. शेजारच्या काकांचा नाण्यांचा छंद आहे, त्यांच्याकडचा बारीक काटा आणला. धडकी पाटली हवेत २०.५ ग्रॅम, बुडवल्यावर काटा ६.४. नवरा व्हिडिओ काढत होता, सासूबाई दारात उभ्या राहून "पाटल्यांना आंघोळ कसली घालताय" म्हणत होत्या.

वजनदार:
वा! आत शुद्ध लाख धरली तर सोनं १४ ग्रॅम येतं. विटकरीची बऱ्यापैकी पूड धरली तरी १२ च्या आसपास. म्हणजे जोडीत २४ ते २८. वीस ग्रॅम हा आकडा माझ्या गणितात कुठून येत नाही.

जास्वंदी:
आता गंमत ऐका. आंघोळ पाहून सासूबाईंनी कपाटातून औषधाच्या गोळ्यांचा जुना पत्र्याचा डबा काढला. त्यात पाटल्यांबरोबरची चिठ्ठी! कागद घडीवर फाटलाय, शाई तांबूस झालीय. "वैशाख शके १८७७" असं आहे, खाली "पाटल्या जोड १", त्याखाली "सोने तो. २ मा. ४". मला वाटतं मा. म्हणजे माप, दोन-चार. सव्वादोनलाच आपण दोन-चार म्हणतो ना? माप बरोबर जुळतंय. पण वजन काही लिहिलेलं दिसत नाही.

गुजरीकर:
अहो, तेच वजन आहे! दोन तोळे चार मासे. बारा माशांचा एक तोळा, आणि तो तोळा आजच्या दुकानातला दहा ग्रॅमचा नव्हे, जुना ११.६६ ग्रॅमचा. म्हणजे २७.२ ग्रॅम सोनं, दोन्हींत मिळून. सराफाने लाख सोडून नुसतं सोनं लिहिलंय. माप दोन-चार आणि वजन दोन-चार हा निव्वळ योगायोग. माझे वडील असते तर चिठ्ठी कपाळाला लावून परत दिली असती.

दगडूशेटचा_भाचा:
शके १८७७ मधला वैशाख म्हणजे १९५५. सुवर्ण नियंत्रणाच्या आठ वर्षं आधी. माझी शंका मागे घेतो. कस तरीही तपासून घ्या, मधे कधी दुरुस्ती झाली असेल तर डाक हलका असू शकतो.

वजनदार:
२७.२ ला दोनने भागून १३.६. माझे १४ आले होते. आज रात्री मी जेवणार नाही, आनंदानेच पोट भरलंय.

जास्वंदी:
सासूबाईंना वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन चीर असलेली पाटली मऊ फडक्यात गुंडाळून आणली आणि म्हणाल्या, "पेच बसवायचा तर मी येते, समोर बसून करून घेऊ." म्हणजे ठरलं. गुजरीकर, कारागिराकडे काय काय सांगू?

गुजरीकर:
आधी दोन्ही पाटल्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. लाख काढल्यावर रिकामा पत्रा तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा. खरं वजन तेच, पाण्याचं गणितही नको आणि कोणाचं "धरू"ही नको. ते वजन त्याच्या पावतीवर लिहून घ्या. डाक बावीस कॅरेटच्या कसाचाच हवा हे आधी बोला. काम हातचं आहे, कारागीर आजच देतो म्हणाला तर पाटल्या घेऊन उठा. आणि घरी आल्यावर गरम पाणी, दुकानातलं धुण्याचं यंत्र, काही नको. ओल्या मऊ कपड्याने पुसायच्या, लगेच कोरड्या करायच्या.

जास्वंदी:
चिठ्ठी घेऊन रविवारी निघतोय, आधी कस, मग कारागीर. एक शेवटचं. सासूबाईंचा आग्रह आहे की पाटल्यांच्या मधे हिरव्या काचेच्या बांगड्या हव्यातच. सोन्याने घासून त्या टिकतात का?

खारीबिस्कीट:
वाढतात. कासाराकडून दोन डझन जास्तीच्या घे. आणि आता हा शब्द सासूबाईंसमोर बिनधास्त वापर.